सकाळचं आठवत नाही, साठ वर्षांपूर्वीचं आठवतं!

'त्यांना सोयीचं तेवढं बरं आठवतं हो!' हे वाक्य मी आजवर किती घरांत ऐकलं असेल, त्याची गणती नाही. बोलणारी कधी सून असते, कधी लेक, कधी चक्क नवरासुद्धा. आणि ज्यांच्याविषयी हे बोलणं चाललेलं असतं त्या आजी तिथेच कॉटवर बसून आपल्या लग्नातल्या पंगती, रुसलेला मामा, वाटेत बंद पडलेली वऱ्हाडाची गाडी असं सगळं तपशीलवार सांगत असतात. तासाभरापूर्वी घेतलेला चहा मात्र त्यांच्या गावीही नसतो! मग घरच्यांना वाटतं, साठ वर्षांपूर्वीचं आठवतं आणि आत्ताचं तेवढं आठवत नाही, हे कसं काय? नाटकं आहेत झालं.

मैत्रिणींनो, ही नाटकं नसतात. ती का नसतात ते सांगायचं तर आधी एका घरातली हकीगत सांगायला हवी. नावं अर्थातच सांगत नाही.

आमच्या महिला मंडळातर्फे आठवड्यातून दोन दुपारी कौटुंबिक सल्ल्याचं काम चालतं. एका मंगळवारी एक बाई तावातावाने आल्या. म्हणाल्या, "ताई, आमच्या शेजारच्या आजींना त्यांची सून उपाशी ठेवते. रोज दुपारी गॅलरीत येऊन सांगतात, सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही गं म्हणून. मी गुपचूप पोळीभाजी देते. पण हे किती दिवस चालायचं? ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ चा कायदा आहे ना, त्यात तक्रार करू या."

अशा वेळी आम्ही कुणाचीच बाजू आधी धरत नाही. खरोखर उपाशी ठेवलेल्या आजीही मी पाहिल्या आहेत. त्यामुळे मी आणि माझी सहकारी दोघी त्या घरी गेलो. आजी ७८ वर्षांच्या, स्वच्छ पातळ नेसलेल्या, केस नीट विंचरलेले, अंगावर मांस असलेल्या. सुनेला आम्ही कशासाठी आलो ते कळलं आणि ती रडायलाच लागली. "सकाळी दूध, मग पोहे, साडेबाराला वरणभात, भाजी, पोळी. ताट उचलून अर्धा तास होत नाही तोच गॅलरीत जातात. आख्ख्या बिल्डिंगमध्ये मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाही हो ताई. आणि म्हणे काही आठवत नाही! माहेरचं सगळं कसं आठवतं मग?"

मी आजींजवळ बसले. त्या मूळच्या कऱ्हाडकडच्या. बोलता बोलता कोयनेचा भूकंप निघाला. ११ डिसेंबर १९६७, पहाटेची वेळ. फडताळातले पितळी डबे कसे खडखडले, तीन महिन्यांच्या मुलाला दुपट्यासकट उचलून त्या अंगणात कशा धावल्या, थंडी किती होती, सासऱ्यांनी आपली घोंगडी कशी त्यांच्या अंगावर टाकली... डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं माझ्या. मग मी हळूच विचारलं, "आजी, आज दुपारी काय जेवलात?" त्या थबकल्या. सुनेकडे पाहिलं. म्हणाल्या, "आज? आज कुठं काय बाई. हिनं दिलंच नाही."

घड्याळात सव्वा वाजला होता. स्वयंपाकघरात त्यांचं उष्टं ताट अजून घासायचं होतं.

आता मी बी.ए. मराठीची. विज्ञानाशी दहावीनंतर काडीमोड झालेला. पण त्या दिवसानंतर मी या विषयामागे लागले. मंडळात व्याख्यानाला आलेल्या मेंदूविकारतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंना प्रश्न विचारून भंडावलं, मिळेल ते वाचलं. आणि वाचता वाचता एका अमेरिकन गृहस्थाशी ओळख झाली. माझ्या मते त्याची गोष्ट प्रत्येक घरात माहीत असायला हवी.

त्याचं नाव हेन्री मोलेसन. तो हयात असेपर्यंत जगाला त्याची फक्त 'एच. एम.' ही आद्याक्षरंच ठाऊक होती. त्याला फेफऱ्याचे भयंकर झटके येत. १९५३ साली, २७ व्या वर्षी, हार्टफर्ड शहरात त्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली आणि दोन्ही बाजूंचा, साधारण कानांच्या आतल्या अंगाला येणारा थोडा थोडा भाग काढून टाकला. त्यात 'हिप्पोकॅम्पस' नावाच्या भागाचा मोठा हिस्सा गेला. झटके कमी झाले. हेन्रीची बुद्धी शाबूत, बोलणं शाबूत, स्वभाव गोड, लहानपणीचं बरंच आठवत होतं. पण नवी आठवण म्हणून मेंदूत टिकेना! ब्रेंडा मिलनर या मानसशास्त्रज्ञ बाई वर्षानुवर्षं त्याला तपासत होत्या, तरी प्रत्येक भेटीत त्या त्याच्यासाठी नव्याच असत. २००८ साली, ८२ व्या वर्षी तो गेला, तोपर्यंत हे असंच चाललं.

आठवणी साठवणारा एकच एक कप्पा डोक्यात नसतो, हे शास्त्रज्ञांना या माणसामुळे कळलं. घडलेली गोष्ट आधी हिप्पोकॅम्पसच्या मदतीने बांधली जाते. दिसलेलं, ऐकलेलं, वास, जागा, माणसं हे सगळे धागे तिथे एकत्र येतात. मग दिवस, महिने, कधी वर्षं जातात, तसतशी ती मेंदूच्या बाहेरच्या थरांत मुरत जाते. या मुरण्यात झोपेचा वाटा फार मोठा असतो. एरिक कँडेल या शास्त्रज्ञांनी समुद्री गोगलगायीवर प्रयोग करून दाखवलं की, थोडा वेळ टिकणाऱ्या आठवणीत पेशींमधले आहेत तेच दुवे बळकट होतात, आणि दीर्घकाळ टिकणाऱ्या आठवणीत नवे दुवेच उगवतात. त्यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळालं. म्हणजे आपल्याला एखादी गोष्ट कायमची लक्षात राहते तेव्हा मेंदूची घडणच जराशी बदललेली असते.

आता त्या आजींचं कोडं बघा. अल्झायमरसारख्या आजारात सुरुवातीलाच मार बसतो तो बहुधा हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या आसपासच्या भागाला. भूकंप साठ वर्षांपूर्वीच मुरलेला, तो शाबूत. दुपारचं जेवण मुळात बांधलंच गेलं नाही, तर आठवेल कुठून? जवळचं आधी जातं आणि लांबचं मागे राहतं, हे रिबो नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने १८८१ सालीच लिहून ठेवलंय. त्यात भर म्हणजे साधारण दहाव्या-पंधराव्या वर्षापासून पंचविशी-तिशीपर्यंतच्या आठवणी सगळ्याच माणसांत जास्त दाट असतात. आपल्याकडच्या बायकांचं तर त्याच वयात आख्खं घर बदलतं! नवी माणसं, नवं गाव, पहिलं बाळंतपण. ते पुन्हा पुन्हा सांगितलंही जातं, त्यामुळे आणखी पक्कं होतं. भीतीच्या किंवा आनंदाच्या प्रसंगी शरीरात जी रसायनं उसळतात तीही आठवण घट्ट करतात. वरणभात खाताना कसली उसळतायत!

आणि भूक? मला वाटायचं, भूक पोटात असते. पण हेन्रीला एकदा पूर्ण जेवण झाल्यावर मिनिटभरात दुसरं ताट समोर ठेवलं, तर त्याने तेही खाल्लं. पुढे पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली आणखी दोन रुग्णांविषयी असंच लिहिलं. जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत दुसरं जेवण दिलं, ते त्यांनी खाल्लं. त्यानंतर तिसरं समोर आलं, तर बहुतेक वेळा तेही खायला लागले! 'मी आत्ताच जेवलोय' ही आठवण पोट भरल्याच्या जाणिवेत किती मोठी असते बघा. गॅलरीतल्या आजी खोटं बोलत नव्हत्या. जेवणच झालेलं नाही अशी त्यांची मनापासून खात्री होती.

'पण मग हिनं दिलंच नाही, असं सुनेचं नाव कशाला घ्यायचं?' असं तुमच्या मनात आलं असेल. सुनेनेही मला हेच विचारलं. याचं उत्तर सांगायचं तर आजारी माणसांना सोडून तुमच्याआमच्याकडे यावं लागेल. कारण रिकामी जागा भरून काढण्याची खोड प्रत्येक मेंदूला असते. केंब्रिजच्या बार्टलेट यांनी १९३२ च्या आपल्या पुस्तकात दाखवलं की, माणसं ऐकलेली गोष्ट पुन्हा सांगताना न कळलेलं गाळतात, आपल्या समजुतीत बसेल असं घालतात, आणि तरी आपण जशीच्या तशी सांगतोय असं त्यांना वाटतं. एलिझाबेथ लॉफ्टस यांनी १९७४ साली लोकांना मोटारींच्या धडकेची फिल्म दाखवली. 'गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा वेग किती होता?' असं काहींना विचारलं आणि काहींना 'गाड्या एकमेकींवर जोरात आदळल्या तेव्हा'. आदळल्या म्हटल्यावर लोकांनी वेग जास्त सांगितला. आठवडाभराने त्यांच्यातल्या जास्त जणांना फुटलेल्या काचाही आठवल्या. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती!

आमच्या घरी बहिणी-बहिणी जमल्या की आईच्या पाटल्या कोणाला द्यायचं ठरलं होतं यावर दरवेळी नवी सुनावणी होते. प्रत्येकीला आई बोलल्याचं ऐकू येतं, अगदी शब्दशः. आता मी त्यात पडत नाही. आणि ठसठशीत आठवण म्हणजे खरी आठवण, असंही नाही बरं का. अमेरिकेचं चॅलेंजर यान १९८६ साली कोसळलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून 'बातमी कळली तेव्हा मी कुठे होतो' हे लिहून घेतलं होतं. अडीचेक वर्षांनी पुन्हा विचारलं, तर कित्येकांनी काहीतरी वेगळंच सांगितलं, तेही ठामपणे. भूकंपाच्या रात्रीची ती घोंगडी सासऱ्यांनी टाकली की दिरांनी, कोण जाणे.

तर आजींचा मेंदूही तेच करत होता. जेवल्याची आठवण नाही, भूक लागल्यासारखं वाटतंय, आणि वाढणारी व्यक्ती समोर उभी आहे. मग जुळणी काय होणार? त्यात लबाडी कसली? सुनेला हे पटायला वेळ लागला. पटल्यावर ती जरा गप्प बसली आणि म्हणाली, "म्हणजे माझ्याजागी नर्स असती तर तिचं नाव घेतलं असतं!" अगदी बरोबर.

इथवर वाचून काही जणींच्या पोटात गोळा आला असेल. 'परवा मी गॅस बंद केला की नाही हे आठवेना म्हणून कोपऱ्यावरून परत आले. मलाही झालं की काय?' अहो, नाही. गॅस बंद करताना आपलं लक्ष डब्यात, रिक्षात आणि मुलाच्या परीक्षेत असतं. हात आपोआप बटण फिरवतो. लक्ष नसेल तर नोंदच होत नाही, मग विसरणार काय? स्वयंपाकघरात येऊन 'मी कशाला आले होते बरं?' असं होतं आणि हॉलमध्ये परत गेल्यावर आठवतं, तेही असंच साधं. आठवणी जागेला चिकटलेल्या असतात. ब्रिटनमध्ये १९७५ साली पाणबुड्यांवर एक प्रयोग झाला होता. पाण्याखाली पाठ केलेले शब्द त्यांना पाण्याखालीच जास्त आठवले!

विसरणं हे तर मेंदूचं रोजचं काम आहे. एबिंगहाउस या जर्मन माणसाने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की, पाठ केलेल्या निरर्थक अक्षरांतली निम्म्याहून जास्त तासाभरातच जातात आणि नंतर गळती मंदावते. मधे दिवस सोडून उजळणी केली तर ती टिकतात. (दहावीच्या मुलांच्या आयांनी हे कापून ठेवावं.) उलट, रशियात शेरेशेव्हस्की नावाचा एक माणूस होता, त्याला काही विसरताच येत नसे. त्याला आठवणींचा इतका गराडा पडे की साधी गोष्ट वाचून तिचा सारांश समजणं कठीण होई. आपण बऱ्या!

चाळिशी-पन्नाशीतल्या मैत्रिणींसाठी आणखी एक. पाळी जाण्याच्या आसपासच्या वर्षांत शब्द न सुचणं, नवं चटकन लक्षात न राहणं हे पुष्कळ जणींना होतं आणि बहुतेकींचं पुढे सावरतं. झोप मोडत असेल तर ते अधिक जाणवतं.

मग काळजी कधी करायची? चष्मा कुठे ठेवला हे विसरलं तर हरकत नाही. पण रोजच्या रस्त्यावर वाट चुकली, वर्षानुवर्षं केलेल्या भाजीची कृती मधेच हरवली, तोच प्रश्न दहा मिनिटांत चार वेळा आला, पैशांचे हिशोब अचानक कोलमडले, स्वभावच बदलला, तर डॉक्टरकडे जायचं. 'वय झालं आता' असं म्हणून गप्प बसायचं नाही. कारण प्रत्येक विसरणं अल्झायमर नसतं. थायरॉइड बिघडणं, बी-१२ जीवनसत्त्व कमी पडणं, नैराश्य, काही औषधं, नीट ऐकू न येणं यांनीही माणूस विसरभोळा होतो आणि यांवर उपाय आहेत. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता किती सर्रास आढळते, हे तर आपण ऐकतोच. बायकांच्या बाबतीत मला राग याचा येतो की, आजोबा विसरायला लागले की तपासण्या होतात, आजी विसरायला लागल्या की चेष्टा होते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज असा आहे की, भारतात ६० वर्षांवरच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना, स्मृतिभ्रंश आहे. पुरुषांमध्ये हे प्रमाण ५.८ टक्के, तर बायकांमध्ये ९ टक्के. शहरांपेक्षा खेड्यांत जास्त. शिक्षण कमी मिळणं हेही त्यामागचं एक मोठं कारण मानतात. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या समितीने २०२४ साली अशा १४ गोष्टी सांगितल्या, ज्या सुधारल्या तर जगातले जवळजवळ ४५ टक्के रुग्ण टळू शकतील किंवा त्यांचा आजार लांबू शकेल. त्यात शाळा आहे, रक्तदाब आणि मधुमेह आहे, एकटेपणा आहे, आणि ऐकू न येणं, दिसायला कमी होणं हेही आहे. आजींच्या कानाचं यंत्र कपाटात पडून असेल तर ते आजच बाहेर काढा.

आमच्या आजींना सून आणि मुलगा डॉक्टरांकडे घेऊन गेले. तपासण्या झाल्या, अल्झायमरच निघाला. बरं करणारं औषध त्यावर नाही. पण निदान झालं आणि घराचा सूर बदलला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, 'तुम्ही जेवलात' असा वाद घालू नका. दुपारच्या जेवणाचे दोन भाग करा. पहिला साडेबाराला, आणि 'भूक लागली' म्हणाल्या की उरलेला छोट्या वाटीत. शेजारणीलाही सुनेने घरी बोलावून सगळं समजावून सांगितलं. आता त्या गॅलरीतून पोळीभाजी न देता दुपारी आजींजवळ येऊन बसतात.

आणि हात! हेन्रीकडून एक काम करून घेत असत. आरशात बघून चांदणीच्या दोन रेघांमधून पेन्सिल फिरवायची. करून बघा, भलतंच कठीण आहे. तीन दिवसांत त्याचा हात सफाईदार झाला, आणि आपण हे याआधी कधी केलंय याचा त्याला पत्ताही नव्हता! हातांची आठवण वेगळ्या वाटेने जाते. गावाकडे मी एका म्हातारीला 'ओवी सांगा' म्हटलं, तर एक आठवेना. जात्याचा खुंटा धरल्यावर थांबायचं नाव घेईना. पुण्यात गी पॉइटव्हिन आणि हेमा राईरकर यांच्या प्रयत्नांतून खेडोपाडीच्या बायकांकडून लाखावर ओव्या गोळा झाल्या. त्या सांगणाऱ्यांपैकी कितीतरी जणींना लिहितावाचता येत नव्हतं. मग मी सुनेला म्हटलं, आजींपुढे कापूस ठेवून बघ. त्यांनी एका बैठकीत पन्नासेक फुलवाती वळल्या, सगळ्या एकसारख्या. 'या कुणी केल्या?' असं नंतर विचारलं, तर म्हणाल्या, "छान आहेत गं, कुठून आणल्यास?"

सुनेला मी आणखी एक गोष्ट सांगितली. आयोवा विद्यापीठात २०१४ साली अल्झायमरच्या रुग्णांना दुःखाच्या आणि आनंदाच्या फिल्म दाखवल्या. थोड्याच वेळात त्यांना फिल्ममधलं फारसं आठवेना, पण उदासी किंवा आनंद अर्ध्या तासापर्यंत तसाच राहिला होता. म्हणजे आपण ओरडलो हे त्या विसरतील, पण मन जड राहील आणि का जड आहे तेही त्यांना कळणार नाही. सून म्हणाली, "ताई, आणि माझं मन?"

त्याचंही उत्तर हवंच. मुंबईतला धाकटा दीर फोनवर नेहमी म्हणायचा, "आई माझ्याशी तर मस्त बोलते, वहिनी उगाच वाढवून सांगतात." पाच मिनिटांच्या फोनवर भूकंपाच्या गोष्टी निघाल्या तर मस्तच वाटणार! आम्ही त्याला केंद्रात बोलावून घेतलं, सगळं सांगितलं, आणि आठ दिवसांची रजा टाकून एकट्याने आईजवळ राहायला लावलं. सून इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माहेरी निवांत गेली. तिसऱ्या दिवशी तिला त्याचा फोन आला. "वहिनी, छोटी वाटी किती वाजता द्यायची म्हणालात? आणि कापूस कुठल्या डब्यात आहे?"